तिसरा दिवस

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला तेव्हा मला वाटलं, रहीमभाईच असेल. आमचा अबोला झाला की तिसऱ्या दिवशी तो मोडायचा, दर वेळी तोच. पण फोन त्याच्या थोरल्याचा होता. "काका, अब्बा गेले," एवढंच म्हणाला.

एकोणीस वर्षं आम्ही उमरखेडची एसटी चालवली. मी ड्रायव्हर, तो कंडक्टर. माझा राग नाकावर. त्याला राग आला की मात्र घंटीच वाजायची नाही. आरशात पाहावं, तर बुवा आपल्या सीटवर डोळे मिटून बसलेला. प्रवासी बोंबलायचे. त्यांच्यात सांगितलंय म्हणे, उभ्यानं राग आला तर बसावं, बसून उतरला नाही तर आडवं व्हावं, नाहीतर वजू करावी, म्हणजे हात-तोंड-पाय धुवावेत. एसटीत आडवा कुठं होऊ, म्हणायचा. एकदा एका मोटारसायकलवाल्यानं मला शिवी दिली. मी लोखंडी टॉमी घेऊन खाली उतरलो. रहीमभाईनं मागून येऊन माझा हात धरला आणि मला रस्त्याच्या कडेला बसवलं. "पहिले बस, विष्णू. मंग मार." बसल्या बसल्या माणूस काय मारणार, कप्पाळ!

पण एकदा तो बसला नाही. गाठोडं घेऊन चढणाऱ्या एका म्हातारीवर मी खेकसलो, उतर खाली म्हटलं. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. आवाज चढवला नाही, पण तिला पुढची सीट मिळेपर्यंत घंटीही दिली नाही. संध्याकाळी मी विचारलं, आज काहून बसला नाही?

"तो राग माह्यासाठी नव्हता. सोतासाठी आला तर बसा लागते."

मी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी तो चहा घेऊन केबिनपाशी आला. यापेक्षा जास्त दिवस अबोला ठेवणं आमच्यात मना आहे, म्हणाला.

रिटायर झाल्यावरही आम्ही रोज स्टँडवर भेटायचो. थोरल्याचा फोन यायच्या दोन दिवस आधी तिथंच एका ऑटोवाल्यानं त्याला धक्का दिला, वर शिव्याही दिल्या. रहीमभाई शांतपणे बाकावर बसला. मी चारचौघांत त्याला डरपोक म्हटलं. राग आवरतो तोच खरा पहिलवान, हे त्यानंच मला शंभरदा सांगितलं होतं. तो उठून घरी गेला. चूक माझीच, हे मला घरी पोचायच्या आतच कळलं होतं. त्याचं घर चार गल्ल्या पलीकडे... मी गेलो नाही. म्हटलं, तिसऱ्या दिवशी येईलच की.

मयतीला थोरला म्हणाला, "काल दोनदा विचारलं अब्बानं, विष्णूचा फोन आलता का म्हणून."

महिना झाला. आता राग येतो तो माझा मलाच. ओसरीतल्या खुर्चीत बसतो. उतरत नाही. उठतो, हातपाय धुतो, पुन्हा येऊन बसतो.