कोरड्या गल्लीचं गटार

“आधी आत या, माझं कपाट बघा. मग कागद दाखवा!” तळमजल्यावरच्या अक्का महापालिकेच्या इंजिनिअरवर ओरडल्या, तेव्हा मांबलम स्टेशनातली गाडी सिग्नल न मिळताच सुटली. शपथेवर सांगतो. निदान कावळे तरी नक्की उडाले.

अक्का तंजावरी मराठी, पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच. मी पुण्याहून बँकेच्या बदलीवर आलेला, आणि इमारतीचा सेक्रेटरी, कारण मीटिंगला उशिरा पोचलो होतो. दर पावसाळ्यात गल्लीचं पाणी अक्कांच्या घरात शिरायचं. त्यांचं कपाट बारा महिने विटांवर. महापालिकेला त्यांनी इतके अर्ज केले, की ते रचले असते तर पाणी तिथंच अडलं असतं.

मग एका परदेशी विकास बँकेनं शहराला पावसाळी गटारांसाठी कर्ज दिलं. करारात अट होती: जिथं पाणी तुंबलेलं दिसेल, ती गल्ली आधी. पाहणीला त्यांची माणसं येणार होती. आदल्या रात्री पाऊस झाला आणि गल्लीत गुडघाभर पाणी.

इथं माझी अक्कल पाजळली. परदेशी पाहुण्यांना चिखलातून कसं आणायचं? अंबत्तूरच्या एका कारखान्यातून दोन पंप आणले. असे पंप, की जरा जास्त चालवले असते तर मरीना बीचवर बोटी वाळूत रुतल्या असत्या. सकाळी गल्ली कोरडी ठणठणीत, दारोदारी तांदळाच्या पिठाची रांगोळी, म्हणजे इथलं कोलम. पाहुण्यांनी फोटो काढले, फिल्टर कॉफीची तारीफ केली आणि लिहून गेले: इथं पाणी साचत नाही.

गटार शेजारच्या गल्लीला मिळालं. अक्का आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. आठव्या दिवशी एवढंच म्हणाल्या, “पंप आणलास तूच. आता गटारही तूच आण.”

महापालिकेत गेलो तर कळलं, गटारांसाठी ठेवलेला शहराचा स्वतःचा पैसासुद्धा करारातला हिस्सा म्हणून त्याच योजनेत गेलाय. योजनेच्या नकाशाबाहेर एक वीट लावायची सोय नाही. मग मी करारच वाचायला घेतला. गादीएवढा जाड. त्यावर तीनदा झोपलोही. पण आयुष्य कर्जाचे कागद चाळण्यात गेलेलं. शेपटाकडचं कलम सापडलंच. रहिवाशाची तक्रार त्याच्या सहीनं मिटेपर्यंत कर्जाचा पुढचा हप्ता सुटणार नाही. त्याच संध्याकाळी अक्कांची तक्रार गेली, खाली पंपाचा माझा कबुलीजबाब.

जो कान इतक्या वर्षांच्या अर्जांनी उघडला नव्हता, तो या एका कलमानं उघडला. इंजिनिअर स्वतः दारात आला.

ओरडा खाऊन तो मुकाट्यानं आत गेला. विटा बघितल्या, भिंतीवरचा पाण्याचा डाग बोटानं खरवडून बघितला. बिचारा वाईट नव्हता. खुर्चीत बसून त्यानं फॉर्म पुढं केला. “अम्मा, फेरपाहणीत तुमची गल्ली घालतो, शब्द देतो. तक्रार मिटली अशी सही तेवढी आज करा. अख्ख्या शहराचा हप्ता अडलाय.”

अक्कांनी चष्मा लावला, फॉर्म शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, पेनाला टोपण घातलं आणि दोन्ही वस्तू कपाटावर ठेवल्या.

“गटार झाल्यावर करते.”