ग्लेनिस नोस्के, वजनासकट

झिबेल कुटुंबानं शेती आवरली, तेव्हा त्यांच्या लिलावाला सगळं टॅलारू गाव लोटलं होतं. घेणारे चारच जण. बाकीचे आले होते ते झिबेलांच्या शेडमध्ये इतकी वर्षं काय दडलंय ते एकदाचं बघायला. ग्लेनिस नोस्के आली होती बिडाच्या दोन कढयांसाठी. कढया दुसऱ्यानंच नेल्या. उन्हात ताटकळत तिनं नाकावरची माशी हाकलली, तेवढ्यात लिलाववाल्यानं हातोडा आपटला आणि एक राखाडी ट्रॅक्टर तिच्या गळ्यात पडला.

ट्रॅक्टर तिच्याहून वयानं थोडा मोठाच असेल. रॉकेलवर चालायचा, म्हणजे चालत होता तेव्हा. आता इंजिन जाम होऊन बसलं होतं, धुराड्यात उंदरांचा संसार होता आणि सीटखाली एक कोंबडी अंड्यांवर बसली होती, तिला लिलावाशी काही देणंघेणं नव्हतं.

लोक हसले. लिलाववाला मनाचा चांगला. तो म्हणाला, "कुकी, खरं सांग. बोली होती का माशी? माशी असेल तर मी परत पुकारतो."

हसणाऱ्यांत सगळ्यांत पुढे मर्व्हिन कुखेल होता. जुन्या ट्रॅक्टरांच्या क्लबचा अध्यक्ष. त्याच्याकडे असे सहा ट्रॅक्टर आहेत आणि सहाही त्याच्या बायकोपेक्षा जास्त वेळा पुसले जातात. ग्लेनिसनं त्याच्याकडे एकवार बघितलं.

"बोली होती," ती म्हणाली. "आणि कोंबडीपण त्यातच आली."

चाळीस वर्षं ही बाई मेंढ्या कातरणाऱ्या टोळ्यांबरोबर रानोमाळ स्वयंपाक करत हिंडली, म्हणून सगळ्यांची कुकी. पहाटे चारला उठून पंचवीस तोंडांना मटणाच्या चापी तळून घालायची, आणि कोणी नाक मुरडलं तर त्याचं ताट कुत्र्यापुढे ठेवायची. अंगानं भरभक्कम. ती बसली की कुरकुरणारी खुर्चीसुद्धा गप्प होते. तिच्या वजनावरून विनोद करून दोन पिढ्यांचे कातरकरी म्हातारे झाले. ती त्यांना सव्याज परत करायची, पण विनोद काही थांबले नाहीत.

ट्रॅक्टर घरी आला आणि दुसऱ्याच दिवशी तिनं जाहीर केलं, "वसंतातल्या शेतकी शोला मी हा ओढायच्या शर्यतीत उतरवणार. मी स्वतः बसून."

कुंपणापलीकडचा लेस शिर्मर मदतीला आला. जन्मभर पवनचक्क्या दुरुस्त केलेला माणूस, आता दम्यानं घरी बसलेला, म्हणजे सल्ले द्यायला मोकळा. दोघांनी प्लगच्या भोकांतून डिझेल ओतून इंजिन मुरत ठेवलं. रोज सकाळी चहा झाला की ग्लेनिस पुढचं हँडल दाबून बघायची. हँडल ढिम्म. तिसऱ्या आठवड्यात तिचं डोकं फिरलं. लेसच्या खांद्याला धरून ती सरळ हँडलवर उभी राहिली. आत काहीतरी कटकन बोललं आणि हँडल पाव फेरा खाली आलं. ग्लेनिसही आली, लेसला घेऊन.

"मोडलं का काय?" लेस धुळीतून म्हणाला.

"सुटलं," ती म्हणाली. "तू मोडला असशील तर सांग."

मग ठिणगी पाडणारा मॅग्नेटो उघडून साफ झाला, कार्ब्युरेटर सोड्याच्या पाण्यात उकळला, तोही तिच्या केकच्या भांड्यात. पुढचे टायर लेसच्या जुन्या गाडीचे. चालक खाली पडला तर इंजिन आपोआप बंद व्हावं म्हणून मनगटाला बांधायची दोरी लागते, ती बसवली. आधी पेट्रोलवर सुरू करायचं आणि इंजिन चांगलं तापलं की मगच रॉकेलची चावी फिरवायची, हे ती दोनदा घाई करून शिकली. दोन्ही वेळा ट्रॅक्टर असा खोकला की लेसनं आपला दम्याचा पंप त्याला देऊ केला.

रंग मात्र तिनं लावू दिला नाही. "मी पावडर लावून चाललेय का? मग तो कशाला?"

इथवर सगळं गमतीत चाललं होतं. पेच होता तो वजनाचा. ओढायच्या शर्यतीत ट्रॅक्टरमागे एक लोखंडी घसरगाडी जोडतात. जसजसं पुढे जाल तसतसा तिच्यावरचा बोजा पुढे सरकतो, ती जमिनीला चावत जाते आणि शेवटी ट्रॅक्टरला आहे तिथं उभं करते. ज्याचा जास्त लांब गेला तो जिंकला. हलका ट्रॅक्टर जड ट्रॅक्टरशी भिडू नये म्हणून वर्ग पाडलेले असतात. आणि वजन होतं ते चालकाला सीटवर बसवूनच, धान्याच्या कोठारापाशी, ट्रक तोलायच्या काट्यावर. आकडा वर लाल दिव्यांत झळकतो, तो पार पबच्या दारातून वाचता येतो.

टॅलारूच्या कुठल्याही पुरुषाला लग्नाची तारीख आठवणार नाही, पण कोणत्या ट्रॅक्टरचं वजन किती ते झोपेत विचारा. म्हणजे त्या आकड्यातून ट्रॅक्टर वजा केला की उरली ग्लेनिस. पबमध्ये पैजा लागल्या. जो जवळ जाईल त्याला सगळ्यांनी बिअर पाजायची. लेसनं हे तिला सांगितलं, घाबरत घाबरत.

लेसला गाडीत घालून ती थेट कातरणीच्या शेडमध्ये गेली आणि लोकरीच्या गाठी तोलायच्या काट्यावर चढली. "वाच."

"एकशे सव्वीस," लेस म्हणाला. "पण बूट आहेत ना पायात."

"बूट घालूनच चालवणार आहे."

त्याच संध्याकाळी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात हातभर उंचीचे आकडे उमटले: चालक १२६ किलो. मग ती ट्रॅक्टर घेऊन पबवरून एक चक्कर मारून आली. पैज जागच्या जागी मेली. कुखेलनं दीडशे सांगितले होते.

"फसलास, मर्व्हिन," ती सीटवरूनच म्हणाली. "आणखी चार घास खाऊन आले असते, पण तुझ्यासाठी कोण एवढे कष्ट घेणार."

कुखेल बाहेर आला. त्याचंही अगदीच चूक नव्हतं. "हे बघ कुकी, चेष्टा वेगळी. दोन टनांपर्यंतचा वर्ग आहे, उरलेलं वजन लोखंड बांधून भरायचं. तू बसलीस तर लोखंड कमी लावावं लागणार. त्यापेक्षा माझ्या पुतण्याला बसव. ब्रोडी साठ किलोसुद्धा नाही. वाचलेलं वजन ट्रॅक्टरच्या नाकावर बांध, म्हणजे ओढताना पुढची चाकं उचलणार नाहीत. ट्रॅक्टर तुझाच, नाव तुझंच."

"आणि बूड ब्रोडीचं."

"सगळे असंच करतात."

"मग तुमच्या सगळ्यांच्या जागी लोखंड बसतंय. माझ्या जागी मी बसते."

शोच्या दिवशी वजनकाट्यावर तिची पाळी आली तेव्हा निम्मा शो तिकडेच होता. ट्रॅक्टर वर चढला, दिवे लुकलुकले आणि थांबले. दोन हजार चौदा. चौदा किलो जास्त.

कोणी हसलं नाही, हे जास्त वाईट. काट्यावरचा माणूस खिडकीतून म्हणाला, "कमी करून या, नाहीतर हा वर्ग सोडा." कुखेलनं मान वळवली. ब्रोडी गर्दीत हेल्मेट घालून तयारच उभा होता. बिचाऱ्याला काकानं उभं केलं होतं, हेल्मेटातही त्याला तोंड लपवता येत नव्हतं.

"मावशी, मी बसू का?" तो म्हणाला. "तू म्हणशील तरच."

ग्लेनिसची मान तापून लाल झाली होती. इथून उतरायचं म्हणजे एवढ्या लोकांदेखत चार पायऱ्या उतरायच्या, आणि त्या चार पायऱ्यांच्या गोष्टी पुढची वीस वर्षं पबमध्ये चालणार. ती हलली नाही.

"लेस, नाकावरचा रूळ काढ."

नाकावर रेल्वेच्या रुळाचे दोन तुकडे बांधले होते. लेस जवळ येऊन हळूच म्हणाला, "एक काढला तर नाक उचलेल, ग्लेन. अर्ध्या वाटेत आभाळ बघशील."

"बरेच दिवस बघितलं नाही. काढ."

रूळ निघाला. आकडा दोन हजारांच्या खाली आला. काट्यावरच्या माणसानं हात हलवला आणि ती उतरली ती ट्रॅक्टरसकट.

ओढ लागली तेव्हा सुरुवातीला सगळं मजेत होतं. राखाडी गडी एकसारखा धडधडत निघाला. मग घसरगाडी चावायला लागली आणि लेस म्हणाला होता तसंच झालं. पुढची चाकं जमीन सोडून वीतभर वर. नियमानं सीट सोडता येत नाही. ग्लेनिस स्टिअरिंगवर सगळी ओणवी झाली, हनुवटी पार टाकीवर. त्यानं नाक खाली आलं का नाही यावर अजून वाद आहेत. लेस म्हणतो आलं, कुखेल म्हणतो शास्त्रात बसत नाही. तिनं थ्रॉटल मात्र सोडला नाही. मागची चाकं जमीन खणत राहिली, इंजिन घोगरं होत गेलं आणि शेवटी जागेवर बसलं.

अकरा जणांत सहावी. ब्रोडी काकाचा ट्रॅक्टर घेऊन दुसरा आला.

कुखेल तिच्याजवळ आला आणि या खेपेला खरंच चांगल्या मनानं म्हणाला, "पहिल्यांदाच्या मानानं झकास, कुकी. दोन्ही रूळ असते तर तिसरी आली असतीस. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी कशाला? अडीच टनांचा वर्ग जेवणानंतर आहे ना?"

"त्यात तुझ्या दुप्पट ताकदीचे ट्रॅक्टर आहेत. शेवटची येशील."

"येईन. पण सगळं अंगावर घेऊन येईन. लेस, काढलेला रूळ आण. आणि वजनासाठी चाकांना लावायच्या त्या लोखंडी थाळ्यासुद्धा. घरचं काही मागे ठेवायचं नाही."

जेवणानंतर ती परत काट्यावर चढली. मोठमोठ्या ट्रॅक्टरांच्या रांगेत तिचा म्हणजे बैलांत शिरलेलं करडू. काट्यावरच्या माणसानं दिव्यांकडे बघितलं, मडगार्डकडे बघितलं आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"कुकी, तीनशे किलोंची जागा शिल्लक आहे अजून."

"मग त्या ब्रोडीला बांध नाकावर," ग्लेनिस म्हणाली आणि तिनं क्लच सोडला.