एक थेंबही न घेतलेला माणूस

त्याला सगळे पीस म्हणायचे. गालावरून वस्तरा फिरतोय की पक्ष्याचं पीस, काही कळत नाही, असं एक गिऱ्हाईक खुर्चीत डोळे मिटून पुटपुटलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. नवख्या माणसाला मात्र ‘हा एक पीसच आहे’ असा अर्थ लागायचा आणि तो जरा जपूनच खुर्चीत टेकायचा. पीस हसायचा, कापड झटकून त्याच्या मानेभोवती गुंडाळायचा आणि कामाला लागायचा. थोड्या वेळात ते नवखं गिऱ्हाईक घोरायला लागलेलं असायचं.

दुकान छोटंसं. दोन खुर्च्या, समोरासमोरच्या भिंतींना आरसे, कोपऱ्यात बेसिन, फळीवर बाटल्यांची रांग. दाढीनंतर लावायच्या लोशनचा स्पिरिटसारखा वास तिथे कायम असायचा. तो पीसच्या हातांत, बाह्यांत, केसांत मुरलेला होता. साबणाने कितीही घासलं तरी जायचा नाही. नवं लग्न झालं तेव्हा बायको म्हणायची, "तुम्ही दारात यायच्या आधी तुमचा वास घरात येतो." तेव्हा ती हे हसून म्हणायची.

दारूला मात्र तो कधी शिवला नव्हता. त्यात तत्त्वबित्त्व काही नव्हतं, पोटच तसलं होतं. लहानपणापासून जुलाब पाचवीला पुजलेले. शाळेत बाई बाकं लावताना त्याला न विचारताच दाराजवळ बसवायच्या. पुढे पंचविशीत दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "आजोबांचे डोळे घेऊन आलात की काय?" ऑपरेशन झालं, स्वच्छ दिसायला लागलं, विषय संपला. त्यानंतर टाचांच्या मागे, पोटरीकडून खाली येणाऱ्या जाड शिरेवर, टणक गाठी वाढू लागल्या. दुखत नव्हत्या, पण बूट आत जाईना. थोडक्यात, पोट घेऊन तो एका डॉक्टरकडे गेला, डोळे घेऊन दुसऱ्याकडे आणि टाचा घेऊन चपला शिवणाऱ्याकडे. त्याने मागचा पट्टा कापून दिला.

पस्तिशी उलटली आणि चाल बिघडली. आधी पायऱ्या उतरताना कठड्याचा आधार लागू लागला. मग सपाट रस्त्यावरही पावलं फाकून पडू लागली. वळताना भिंत अंगावर यायची. जीभ जड झाली, ‘बसा’ म्हणताना ‘स’ घरंगळायचा. समोरच्या आरशात तो स्वतःला येताना बघायचा आणि मागच्या आरशात जाताना, आणि दोन्हीकडे एक झिंगलेला माणूस दिसायचा. त्याने एका आरशावर कॅलेंडर टांगलं. पण केस कापणाऱ्याने आरसे झाकून भागतं थोडंच?

लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. सकाळी दुकान उघडताना शेजारचा घड्याळवाला डोळा मारून विचारायचा, "काय, उतरली का रात्रीची?" पीसने पहिल्यांदा त्याला समजावलं, नंतर त्याच्यावर चिडला, शेवटी उत्तर देणंच सोडलं. घड्याळवाल्याने त्याचाही अर्थ लावला.

घरात तो संशय शिरायला थोडा वेळ लागला. एक दिवस जेवायला बसताना पीसचा तोल गेला आणि वाटी हातातून उडाली. बायकोने फरशी पुसली, मग सरळ जवळ येऊन म्हणाली, "तोंड उघडा."

"काय?"

"तोंड उघडा म्हणते ना."

त्याने उघडलं. तिने वास घेतला. वास होताच, लोशनचा, रोजचाच. ती मागे सरकली. "मला वेड्यात काढू नका," एवढंच बोलली आणि आत गेली. त्या दिवसापासून ती त्याच्या खिशांतून हात फिरवू लागली, दुकानातल्या बाटल्या हुंगू लागली. पीस रागावला, कारण यात न रागावण्यासारखं काही नव्हतं. आणि तो रागावला की बायको दिराला म्हणायची, "बघा, चढली की असे अंगावर येतात."

दीर म्हणजे पीसचा धाकटा भाऊ. वायरमन. इमारतींची वायरिंग, पंखे, मोटारी अशी कामं घ्यायचा. दादावर त्याचा भारी जीव. वडील लवकर गेले, तेव्हा दादाने वस्तरा हाती घेऊन त्याला शिकवलं होतं. म्हणूनच दादाचं असं काही झालेलं त्याला बघवत नव्हतं. तोही खनपटीला बसला. "दादा, एकदा कबूल कर. कुणी तुला घरातून काढणार नाही."

"काय कबूल करू? घेतच नाही तर!"

"सगळे असंच म्हणतात."

मग एका गिऱ्हाइकाच्या कानाची पाळी कापली गेली. जखम बारीक होती, तुरटी लावल्यावर रक्त थांबलं, पण गिऱ्हाईक कापडासकट उठून रस्त्यावर गेलं आणि ओरडू लागलं. माणसं जमली. पीस वस्तरा हातात घेऊन दारात उभा, हात थरथरतोय, जीभ वळत नाही. ज्याने कुणी ते पाहिलं त्याला पुराव्याची गरज राहिली नाही.

पुढच्या आठवड्यात भाऊ गाडी घेऊन आला. "चल दादा, डोळे तपासून येऊ. नंबर वाढला असेल, म्हणून अडखळतोस." पीसला ते पटलं. बायको मागे बसली, मांडीवर पिशवी. डोळे तपासायला पिशवी कशाला, हे विचारायचं त्याला सुचलं नाही. अलीकडे त्याला गोष्टी उशिराच सुचायच्या.

गाडी एका उंच भिंतीच्या फाटकातून आत गेली. व्यसनमुक्ती केंद्र, अशी पाटी त्याने वाचली तेव्हा फाटक लागलं होतं. तो भावाचा हात धरून राहिला. भावाने एकेक बोट सोडवलं आणि न बघता निघून गेला. बायको रडत होती. तिने पिशवी तेवढी दिली. आत कपडे होते, टॉवेल होता, दाढीचं सामान नव्हतं. धारदार काही आणायची परवानगी नव्हती.

केंद्र वाईट नव्हतं. लांबलचक खोली, लोखंडी कॉट, जाळ्या लावलेल्या खिडक्या, वेळेवर जेवण. चालवणारे गृहस्थ स्वतः एके काळी बुडालेले होते, त्यांना सगळे सर म्हणायचे. माणूस प्रामाणिक होता आणि त्यातच पीसची सगळी गोची होती. रोज सकाळी गोल करून बसायचं आणि प्रत्येकाने उठून म्हणायचं, मी दारुडा आहे. पीस उठला आणि म्हणाला, "मी आयुष्यात एक थेंबही घेतलेला नाही."

सर मायेने म्हणाले, "मीसुद्धा पहिल्या दिवशी हेच म्हणालो होतो. नाकारणं हा या आजाराचा भागच आहे."

आता याच्यावर काय बोलायचं? नाही म्हणावं तर आजार, हो म्हणावं तर खोटं. गप्प बसलं की सर म्हणायचे, आत काहीतरी हलतंय. तो ओरडला की म्हणायचे, बाहेर येतंय. आठवडे गेले. बाकीच्यांचे हात थरथरायचे थांबले, चेहऱ्यांवर तजेला आला. याची चाल तशीच. सर म्हणायचे, याची फार जुनी असणार.

हळूहळू त्याचाच स्वतःवरचा विश्वास उडायला लागला. इतकी माणसं म्हणतात, सख्खा भाऊ म्हणतो. आपल्याला हल्ली आठवत नाहीच. मग कदाचित आपण पीत असू आणि विसरत असू? कॉटवर पडून तो जिभेवर दारूची चव आठवायचा प्रयत्न करी. आठवत नसे, आणि न आठवण्याचीच त्याला भीती वाटू लागली.

शेजारच्या कॉटवर एक ट्रकवाला होता. तो म्हणाला, "पीसभाऊ, इथून बाहेर पडायची एकच वाट आहे. घेतो म्हणून मोकळा हो."

"पण मला पिणारे काय बोलतात तेही माहीत नाही रे."

"मी शिकवतो की!"

आणि त्याने खरंच शिकवलं. कुठला गुत्ता, कुठला ब्रँड, सोबत काय खायचं, सकाळी डोकं कुठल्या बाजूने ठणकतं. पीसने धडा पाठ केला. मधेच सोडा आधी की दारू आधी यावर गाडं अडलं, तेव्हा दोघंही पोट धरून हसले. त्या भिंतींच्या आत तो तेवढाच एकदा हसला. दुसऱ्या दिवशी गोलात उभं राहून त्याने सगळं सांगितलं. सांगता सांगता खरंच रडू फुटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी त्याला मिठी मारली. त्याच्या कानात म्हणाले, "आता सुरुवात झाली. आणखी तीन महिने." पीस जागच्या जागी खाली बसला.

दारूने नसा खराब होतात, म्हणून मोठ्या हॉस्पिटलच्या मेंदूविकार विभागातल्या एक डॉक्टरीणबाई दर आठवड्याला केंद्रात येत आणि कबुली दिलेल्यांना तपासत. पीस त्यांच्या टेबलासमोर आला तो फाटकी चप्पल घासत, पाय फाकवत. त्यांनी कागद पाहिला. "कबुली दिलीत, चांगलं केलंत."

"सुटायला दिली, बाई. सुटलो नाहीच."

बाईंनी वर पाहिलं. असं म्हणणारे त्यांना बरेच भेटले असतील. पण त्यांनी त्याला भिंतीपर्यंत चालायला सांगितलं, मग परत यायला, मग पाठमोरं उभं राहायला. मग बाई खुर्चीवरून उठून त्याच्या टाचांपाशी उकिडव्या बसल्या आणि त्यांनी त्या गाठी दोन बोटांनी चाचपल्या.

"या कधीपासून?"

"झाली की खूप वर्षं. त्याचं काय?"

"डोळ्यांचं ऑपरेशन झालंय?"

"हो. पण ते तुम्हाला कसं कळलं?"

"लहानपणी पोट कसं होतं?"

पीस वळला. "बाई, पोटाचं इथे काय?"

"मला तुमच्या आईशी बोलायचंय," त्या म्हणाल्या.

रक्ताचा नमुना दूरच्या प्रयोगशाळेत गेला. नेहमीचं कोलेस्टेरॉल ठीक आलं, म्हणून भाऊ म्हणाला, बघा, काही नाही. पण बाईंनी वेगळीच गोष्ट शोधायला सांगितली होती, आणि ती सापडली. मेंदूच्या फोटोतही तिच्या खुणा निघाल्या. बाईंनी आई, बायको आणि भाऊ यांना एकत्र बसवलं. पीस मधे.

"पाणी सोडलं तर मेंदूचा निम्म्याहून जास्त भाग स्निग्ध पदार्थांचा असतो," त्या म्हणाल्या. "मज्जातंतूंवरचं आवरणही त्याचंच. चरबी म्हटलं की आपल्याला पोट आठवतं, पण चरबीवाचून मेंदू एक निरोप धड पोचवू शकणार नाही. फक्त ती हवी ती आणि हवी तिथे पाहिजे. आपलं यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्तातलं आम्ल बनवतं. यांच्या शरीरात त्या कामातला एक कारागीर जन्मापासूनच नाही. मग काम अर्धवट राहतं आणि कोलेस्टेरॉलचाच एक भाऊबंद तयार होऊन साठत जातो. डोळ्यांत साठला, तो मोतीबिंदू. टाचांमागे साठला, त्या गाठी. मेंदूत साठला, ती ही चाल. जुलाबही त्याचेच."

बायकोने विचारलं, "म्हणजे दारू?"

"दारूचा काहीही संबंध नाही."

आई एकदम म्हणाली, "मी लहानपणापासून सांगत होते, याचं पोट साधं नाही. मला म्हणायचे, तूच लाड करतेस." बायको पदराच्या टोकाला पीळ घालत होती.

"औषध आहे," बाई म्हणाल्या. "जे आम्ल शरीर बनवत नाही, तेच कॅप्सूलमधून द्यायचं. आयुष्यभर. साठणं थांबेल. पण जे बिघडलंय ते सगळं परत येईल, असं मी सांगणार नाही."

"हात?" पीसने विचारलं.

बाईंनी त्याचा हात हातात घेतला. तो थरथरत होता. "वस्तरा नको," त्या हळू म्हणाल्या.

मग त्या भावाकडे वळल्या. आई आणि वडील दोघांकडूनही वारसा आला तर हा आजार होतो, सख्ख्या भावंडांची तपासणी करायलाच हवी. भाऊ म्हणाला, मला काय धाड भरलीय? पण चष्म्याचा नंबर मधूनमधून बदलतोय, हे त्याने मान्य केलं, आणि पोट कधीमधी बिघडतं हेही, आईकडे न बघता. तपासणीत त्याच्यातही तेच निघालं. चाल शाबूत, हात शाबूत, मेंदूच्या फोटोत काही नाही. अगदी वेळेवर सापडला, असं बाई म्हणाल्या.

पीस तोवर केंद्रातून सुटून घरी आला होता. निकाल घेऊन भाऊ दुकानात आला आणि रिकाम्या खुर्चीत बसला. दोघं आरशातूनच एकमेकांकडे बघत होते.

"दादा, तू नसतास तर मला कळलंच नसतं."

"खरंय," पीस म्हणाला. त्याला शब्द जुळवायला वेळ लागला. "तुला माझ्यामुळे औषध मिळालं. मला तुझ्यामुळे कुलूप."

भाऊ रडू लागला. पीसने त्याला रडू दिलं, पाठीवर हात ठेवला नाही. नंतर आईने विचारलं, तेव्हा म्हणाला, "राग आहे. जाईल तेव्हा जाईल. औषध वेळेवर घेतोय का, ते विचार त्याला."

आता दुकानात एक तरुण कारागीर ठेवलाय. पीस दाराशी खुर्ची टाकून बसतो, गिऱ्हाइकांशी बोलतो, कात्री कशी धरायची ते सांगतो. पोट बऱ्यापैकी शांत झालंय. डोकं जरा मोकळं वाटतं, विसरणं कमी झालंय. चाल मात्र तीच आहे, काठी आली एवढंच. घड्याळवाल्याला सगळं समजलंय, तो आता काही म्हणत नाही. उलट जरुरीपेक्षा जास्त प्रेमाने बोलतो, आणि पीसला तेही झेपत नाही.

परवा बायकोबरोबर दुसऱ्या भागात काही आणायला गेला होता. तिथे त्याला कुणी ओळखत नव्हतं. एक बाई मुलाला जवळ ओढून रस्त्याच्या पलीकडे गेली. कट्ट्यावरचा एक जण दुसऱ्याला म्हणाला, "भर दुपारी!" बायको गर्रकन वळली. "अहो, त्यांना आजार आहे, ते घेत नाहीत!" ती इतक्या जोरात ओरडली, की सगळा रस्ता बघायला लागला.

"चल," पीस म्हणाला.

"का चल? सांगू दे ना मला!"

"किती जणांना सांगशील?"

ती थांबली. तिचा चेहरा लाल झाला होता. मग तिने त्याचं कोपर धरलं, घट्ट, आणि ती दोघं त्याच्या फाकलेल्या, अडखळत्या पावलांनी पुढे निघाली. तिने आपली चाल त्याच्याइतकी हळू केली होती.