पाचव्या गिअरमध्ये ऐकू आलेलं

"आपण जाऊ या ना" असं कुणी म्हणालं की मी आजही आधी विचारतो, आपण म्हणजे कोण कोण? लोक हसतात. हसू देत.

युरो येऊन चार-पाच वर्षं झाली होती. मी कायझर्सलाउटर्नला पीएच.डी. करत होतो. सांगलीच्या कॉलेजातला माझा रूम-पार्टनर माझ्याबरोबरच जर्मनीत आला होता आणि शिक्षण आटोपून तिथल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला होता. जवळच्या लष्करी तळावरचा एक अमेरिकन सैनिक मायदेशी परतताना आपली जुनी गाडी विकत होता. दोन दारं, लांबलचक नाक, आठ सिलिंडर. आम्ही दोघंही बघताक्षणी पागल झालो. पगार मित्राला होता, म्हणून गाडी त्याच्या नावावर झाली. "नाव कुणाचंही असू दे रे, गाडी आपली," तो म्हणाला. मला ते पुरेसं होतं.

ईस्टरच्या सुट्टीत दोघांनी गाडी घेऊन थेट उत्तरेला समुद्रापर्यंत जायचं ठरलं. इतकी वर्षं जर्मनीत राहून आम्ही तिथला समुद्र पाहिला नव्हता. घोडं अडलं ते गिअरबॉक्सपाशी. गिअर चारच. आउटोबानवर जरा वेग घेतला की इंजिन असं बोंबलायचं की शेजारच्याशी खाणाखुणांनी बोलावं लागे. दिवसभर मुक्यानं प्रवास कोण करणार? मी म्हणालो, ओव्हरड्राइव्हवाला पाच गिअरचा बॉक्स बसवू. पाचव्यात वेग तोच राहतो, इंजिन मात्र कमी फिरतं, गाडी शांत होते.

"मग बसव की! गप्पा मारत जाऊ आपण."

सगळा हिवाळा मी त्या गाडीखाली काढला. गावाबाहेरच्या एका शेतकऱ्याचं धान्याचं रिकामं कोठार आम्ही भाड्यानं घेतलं होतं. थंडी अशी की पाना हाताला चिकटायचा. नवा बॉक्स जुन्यापेक्षा लांब, दांडा भलत्याच जागी वर येणारा, म्हणून मधला पत्रा कापावा लागला. रविवारी ग्राइंडर लावला की शेजारी येऊन रुऽहेत्साइटची, म्हणजे सक्तीच्या शांततेच्या वेळेची, आठवण करून द्यायचे, म्हणून रविवारी मी तोच पत्रा कानशीनं घासत बसायचो. बॉक्स पेलणारी खालची आडवी पट्टी नव्यानं केली. मागच्या चाकांना फिरवणारा प्रोपेलर शाफ्ट ट्रकची कामं करणाऱ्या वर्कशॉपमधून कापून, बॅलन्स करून आणला. माझा प्रबंध टेबलावर धूळ खात होता. मित्र बॅटरी धरायचा, थर्मासमधला चहा ओतून द्यायचा, आणि मला वाटायचं, अजून काय हवं असतं माणसाला?

एकदा तो ऑफिसातल्या एका जर्मन सहकाऱ्याला गाडी दाखवायला घेऊन आला. तो उंच गडी सरळ पुढच्या सीटवर, माझ्या सीटवर, बसला आणि पाय पुरेनात म्हणून त्यानं ती पार मागे सरकवली. मित्र त्याला सांगत होता, "विअ फाऽरन आन्स मेअर." आम्ही समुद्रावर जाणार. मी खाली तेलात माखून पडलो होतो आणि ते ऐकून एकटाच हसलो. ते 'विअ' म्हणजे तो आणि मी, हे मी धरूनच चाललो होतो.

जानेवारीत, बॉक्स वर चढवायच्या शनिवारी मित्राला ताप आला. तसा फोन आला त्याचा. मी ते धूड एकट्यानं जॅकवर तोलत, शिव्या घालत चढवलं. येताना मऊ भाताचा डबा त्याच्या दाराशी ठेवला. झोपला असेल म्हणून बेलसुद्धा वाजवली नाही.

मार्चमध्ये गाडी बाहेर काढली. मी शेजारी बसलो तर सीट पुन्हा पार मागे. पुढे ओढून घेतली. तो चालवत होता. दांड्यावरच्या गोट्यावर अजून चारच गिअर कोरलेले होते. आउटोबानवर त्यानं दांडा कोऱ्या जागेकडे सरकवला आणि इंजिन एकदम खाली आलं. टायरांचा आवाज तेवढा उरला. मला भरून आलं. आता म्हणेल काहीतरी, असं वाटलं.

"भारी झालंय रे," तो म्हणाला. "आल्झो, म्हणजे म्युनिकपर्यंत आता काही टेन्शन नाही."

"म्युनिक? समुद्र उत्तरेला आहे."

"तुला सांगणारच होतो. मला तिकडे जॉब लागलाय. गाडी बघायला आला होता ना ऑफिसातला, त्यालाही. पुढच्या आठवड्यात आम्ही गाडी घेऊन निघतोय."

आम्ही. जर्मनमध्ये 'आपण' आणि 'आम्ही' दोन्हींना एकच 'विअ'; त्यात सांगितलं असतं तर कदाचित मला अजूनही कळलं नसतं.

"आणि ईस्टर?"

"समुद्र काय, इटलीतपण आहे. तिकडून जवळ पडतं. आम्ही तिकडेच जायचं म्हणतोय."

"कधी ठरलं हे?"

"जानेवारीत. घर बघायला गेलो होतो ना, तू बॉक्स चढवलास त्या शनिवारी."

"त्या शनिवारी तुला ताप होता."

तो रस्त्याकडे बघत राहिला. इतका स्पष्ट त्याचा श्वास मी त्या गाडीत कधीच ऐकला नव्हता.

"डबा मिळाला होता," तो हळूच म्हणाला. "सोमवारी."

मला संताप आला, पण त्याहून जास्त लाज वाटली, त्या मऊ भाताची. बेल न वाजवता जिना पाय न वाजवता उतरलेल्या माझी. केसानं गळा कापला होता त्यानं, आणि तो कापतानाचा आवाज ऐकू यावा एवढी शांतता मीच माझ्या हातांनी करून दिली होती.

"चौथ्यात टाक," मी म्हणालो.

"काय?"

"चौथ्यात टाक गाडी."

त्यानं टाकली. इंजिन पहिल्यासारखं बोंबलायला लागलं. कायझर्सलाउटर्न येईपर्यंत त्याचे ओठ हलत होते. मी खिडकीबाहेर बघत होतो, आणि मला त्यातलं काहीही ऐकू आलं नाही.