इथलं पाणी

विद्यापीठाच्या फाटकाशी चहा विकणारे मामा पोरांना खोल्या दाखवायचे. मी पालमहून एमएस्सीला आलो, तेव्हा मलाही घेऊन हिंडले. घरमालकानं "आडनाव काय?" विचारलं, की मामांना असा ठसका लागायचा की डोळेच पांढरे व्हायचे. मालक पाण्याला धावायचा, पण परत येऊन तेच विचारायचा. मी आडनाव सांगताच समोरची रिकामी खोली कालच भाड्यानं गेलेली असायची. मामा तांब्या ठेवून उठायचे. "चल, इथलं पाणी लय खारं हाय."

शेवटच्या घरी म्हातारीनं आडनाव विचारलं. मामांनी खोकायला छाती भरून घेतली, तेवढ्यात मीच सांगून टाकलं.

"बरं. कवा येतोस राहायला?"

मामांना खराखुरा ठसका लागला. तांब्याभर पाणी पिऊन म्हणाले, "गोड हाय."