जयाच्या बुटाचं माप

उशिरा लिहितोय, माफ करा... जयाचं ग्राउंड, म्हणजे भरतीची मैदानी चाचणी, होईपर्यंत काही लिहायची हिंमतच होत नव्हती.

जया माझी नात. पोलीस भरतीची तयारी करते. आम्ही देवरीकडचे. मला गोंदियाला जायचं होतं म्हणून मीच तिच्यासाठी धावायचे बूट आणले. आमच्याकडे घरच्यांची चप्पल आणायची तर पायाएवढी काडी तोडून सोबत नेतात. मीही तेच केलं. काडी बुटात बरोबर बसली... मी खूश.

पंधरा दिवसांत पोरगी लंगडायला लागली. विचारलं की म्हणायची, "काही नाही, आबाजी." मला मात्र जेवण जाईना. नडगीचं हाड गेलं तर? भरती हुकली तर?

बूटच खराब निघाला असणार, असं धरून मी नवी काडी घेऊन दुकानात भांडायला गेलो. तिथे एक गृहस्थ बूट बघत बसले होते. काडी पाहून म्हणाले, "बाबाजी, ये लकडी दौड़ेगी क्या?" सगळं दुकान हसलं. मला राग आला.

पण त्यांनी शांतपणे समजावलं... धावताना पाय पुढे सरकतो, पसरतो. काडीनं लांबी कळते, रुंदी नाही. "पोरीला आणा, संध्याकाळी आणा. तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो."

घरी येऊन तिला मोजे काढायला लावले. दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली होती.

"काऊन नाही सांगितलं?"

"तुमी एवढ्या हौसेनं आनले, आबाजी... कसं सांगू?"

मी ते बूट उचलून पिशवीत भरले.

दुसऱ्या संध्याकाळी मी जयाला घेऊन दुकानात गेलो, तर ठरल्याप्रमाणे ते गृहस्थही गोंदियाजवळच्या कुडव्याहून स्कूटरवर मुद्दाम आले. जयाला उभं करून अंगठ्यापुढे जागा किती ते दाबून पाहिलं, दुकानासमोरच्या गल्लीत पळवलं. तिसरा जोड जमला. "बूट म्हणजे औषध नाही. आधी डॉक्टरला दाखव, नखं बरी होऊ दे, मग हळूहळू धाव," असं तिला बजावलं. डॉक्टर म्हणाले, हाड ठीक आहे. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

परवा ग्राउंड झालं. आठशे मीटर धावून जया माझ्याकडे सरळ चालत आली. निकाल यायचा आहे, त्याची धाकधूक आहेच... पण पाय शाबूत आहेत.

काळजीच्या भरात मी त्या भल्या माणसाचं नावसुद्धा विचारलं नाही. कुडव्याच्या कोणाला माहीत असेल तर लवकर कळवा. पोरगी न लंगडता धावली, एवढं मला त्यांना स्वतः सांगायचं आहे.