चार शब्दांत निकाल

जगात जे जे म्हणून घडतं ते अर्धा तास लांबलेलं असतं, असं माझ्या आतेभावाचं ठाम मत आहे. शुक्रवारी नवे सिनेमे लागतात आणि शनिवारी एका पेपरात ह्याने लिहिलेले त्यांचे निकाल छापून येतात. एका सिनेमाला चार शब्द, फार तर पाच. ‘हिरो ताजा, गोष्ट शिळी.’ ‘मध्यंतरात वडा खा, निघा.’ ‘एसी उत्तम.’ बिचाऱ्यांनी दोन-दोन वर्षं राबून सिनेमा काढायचा आणि ह्या पठ्ठ्याने एसीवर बोळवण करायची! तरी नाहूरपासून मालाडपर्यंत आमचे झाडून सगळे नातेवाईक त्याचं वाचल्याशिवाय तिकीट काढत नाहीत.

बरं, हे सिनेमापुरतं असतं तर ठीक. माझ्याच लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हा मागून कानाशी येऊन म्हणाला, "दोन कडवी कापता आली असती यार." वहिनीने दुपारभर खपून केलेल्या जेवणाला, "सुरुवात झकास, शेवटी मीठ कमी." थिएटरात त्याच्या शेजारी बसणं म्हणजे तर शिक्षाच. खुर्ची कडेचीच हवी, पाय सारखा हलतोय, पडद्यापेक्षा नजर लोकांवर, कोण जांभई देतोय, कोण मोबाईल काढतोय. एकदा मी वैतागून ओरडलो, "अरे, दोन तास बूड टेकून बस ना!" तर म्हणतो, "त्यांनी बसवलं तर बसेन."

असा हा माणूस मागच्या दिवाळीनंतर पार बिथरला. त्याच्या मुलीने लिहिलेला पहिलाच सिनेमा लागणार होता. पेपरवाले म्हणाले, घरचा सिनेमा आहे, ह्या वेळी दुसरा कोणीतरी लिहील. हा हुश्श करतोय तोच लेक म्हणाली, "पेपरात नकोच लिहूस बाबा. मला सांग. पण खरं सांग हं, मस्का नकोय मला."

शुक्रवारी मुलुंडला मला सोबत घेऊन गेला. काय सांगू, पोरगी आपली म्हणून जीव तुटतो, पण मध्यंतरानंतर गोष्टीची पार वाट लागली होती. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "काय रे?" हा भराभर जिना उतरून रिक्षात. शनिवारी एकटाच मालाडला जाऊन पुन्हा बघून आला, रविवारी घाटकोपरला. घरी लेक हॉलमध्ये आली की हा गॅलरीत, ती गॅलरीत आली की हा खाली दूध आणायला. फ्रीजमध्ये दुधाच्या पिशव्यांना जागा उरली नाही. शेवटी वहिनीचा फोन आला, "भावोजी, तिला वाटतंय इतका वाईट झालाय की बाबाच्या तोंडून शब्दसुद्धा फुटत नाहीये."

मी तडक गेलो आणि त्याला झापलं. "दुसऱ्यांच्या पोरांना सांगताना कधी जीभ अडखळली नाही तुझी! टाक की चार शब्द."

"तेच रे," तो हळू आवाजात म्हणाला. "चार शब्दांत सांगितलं तर ती पुन्हा लिहायची नाही."

गुरुवारी दुपारी मुलुंडला शेवटचा खेळ होता. तो तिला घेऊन गेला, मलाही ओढलं. आम्ही तिघं आणि कोपऱ्यात एक जोडपं, बाकी सगळं रिकामं. पहिल्या प्रसंगापासून हा तिच्या कानाला लागला. "हे वाक्य बघ, असं मला नसतं सुचलं. आता ही बाई का रडतेय? सांग ना तू." ती भांडत होती, रडत होती, मध्येच दोघं खिदळत होती. जोडप्याने वैतागून शूऽ केलं. दिवे लागले, झाडूवाला रांगेत शिरला, तरी ह्याचं आपलं चालूच.

"म्हणजे पुढचा लिहू ना मी?" डोळे पुसत तिने विचारलं.

"लिहायचाच. पण बस गं, शेवटाचं बोलायचं राहिलंय."

मी बाहेर आलो. दारापाशी एक माणूस शिडीवर चढून तिच्या सिनेमाचं पोस्टर काढायला लागला होता.

"थांबा हो जरा," मी म्हटलं. "पोरीला आधी बाहेर पडू द्या."